डब्लिनच्या थंडीत कोहेन आजोबा

इथे आयर्लंडमध्ये गायक-कवी लिओनार्ड कोहेनचं नुसतं नाव काढा, टॅक्सीवाल्यापासून ऑफिसमधल्या अकाउंट्सच्या बाईपर्यंत प्रत्येकाकडे एक किस्सा तयार असतो. माणूस मूळचा कॅनडाचा, मॉन्ट्रियलचा, पण यांनी त्याला पार घरचाच करून टाकलाय. कवितेवर जीव टाकणारा देश आहे त्यामुळे नवल नाही. तर २०१२ च्या सप्टेंबरात डब्लिनमधल्या किलमेनहमला त्याचे शो होते तेव्हा मी आणि नवरा गेलो होतो, आणि पुण्यातल्या मैत्रिणी अजून विचारतात की एवढं काय होतं गं त्यात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

जागेचं नाव रॉयल हॉस्पिटल, पण पेशंट वगैरे कोणी नाही. सतराव्या शतकात म्हाताऱ्या सैनिकांसाठी बांधलेली दगडी इमारत, आता तिथे मॉडर्न आर्टचं म्युझियम आहे. लुआसने, म्हणजे इथल्या ट्रामने, ह्यूस्टन स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. शो उघड्यावर, त्यामुळे स्वेटर, त्यावर जॅकेट आणि मांडीवर आईने शिवलेली गोधडी (शेजारच्या आयरिश काकूंनी तिचा एक कोपरा हक्काने स्वतःच्या गुडघ्यांवर ओढून घेतला).

आणि मग सूट आणि हॅट घातलेले सत्त्याहत्तर वर्षांचे आजोबा चक्क दुडक्या चालीत पळत स्टेजवर आले. स्टेजभर गालिचे अंथरलेले, पहिल्याच गाण्यात गुडघे टेकून बसले, डोळे मिटलेले, माईक दोन्ही हातांत. आवाज म्हणाल तर गाण्याचा नाहीच, खर्जात घोगरं बोलणं, पण शब्द एकेक सुटा ऐकू येतो, कुठेही घाई नाही. मुळात हा कवी, पहिला कवितासंग्रह १९५६ चा आणि पहिला अल्बम १९६७ चा, म्हणजे गाणं नंतर आलं. मधे एक आख्खी कविता नुसती म्हणून दाखवली, मागे ऑर्गन अगदी हलका, आणि एवढ्या मोठ्या मैदानात कोणी बिअरचा ग्लाससुद्धा खाली ठेवेना. सुरेश भटांना तरन्नुममध्ये गझल म्हणताना ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

पण मला खरं आवडलं ते त्याचं ऐकणं. हावियर मास नावाचा स्पॅनिश वादक सोलो वाजवायला लागला की हा हॅट काढून छातीशी धरायचा आणि त्याच्याकडे तोंड करून उभा, सोलो संपेपर्यंत हलायचा नाही. लोक आपल्याला बघायला आलेत हे जणू त्याच्या गावीच नाही! प्रत्येक साथीदाराचं नाव घेऊन ओळख, ती पण दोनदा. आपल्याकडच्या काही स्टार मंडळींना हे दाखवायला पाहिजे, असो.

लोक म्हणतात पैशासाठी परत आला, आणि ते खोटं नाही, मॅनेजरने खातं रिकामं केल्यावर २००८ मध्ये तो पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा टूरवर निघाला. पण नुसत्या पैशासाठी कोणी या वयात तीन तासांच्या वर उभं राहत नाही हो. ऐंशी झालो की सिगारेट परत सुरू करणार, हा जोक मात्र २०१२ च्या टूरवर ठरलेला.

आता आपला भाग. लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरातल्या झेन मठात पाच वर्षं काढून हा माणूस १९९९ मध्ये मुंबईला आला, केम्प्स कॉर्नरच्या साध्या हॉटेलात राहायचा आणि रोज सकाळी रमेश बाळसेकरांच्या घरी सत्संगाला जायचा. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, आणि त्यांचे गुरू कोण, तर खेतवाडीतले बिड्यांचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज! महाराज मराठीत बोलायचे, बाळसेकर ते इंग्रजीत करून सांगायचे. आयुष्यभर पिच्छा पुरवणारं डिप्रेशन त्याच सुमारास ओसरलं असं कोहेन स्वतः सांगायचा. हे मी काकूंना इंटरव्हलमध्ये सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग त्याला इतका उशीर का केलात पाठवायला.

डिसेंबर २०१३ मध्ये ऑकलंडला त्याचा शेवटचा शो झाला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तो गेला. पण २०१३ चा डब्लिनचा पूर्ण कार्यक्रम रेकॉर्ड झालेला आहे, 'लाइव्ह इन डब्लिन' म्हणून शोधा. फोनच्या स्पीकरवर नका ऐकू प्लीज, हेडफोन लावा, आणि सोलो फॉरवर्ड करू नका.