ठणठणगोपाळ, पण बहुभाषिक

आज पंचवीस तारीख. पाकीट उघडलं तर आत एक जुनी पावती आणि खडखडाट. (खडखडायलाही निदान दोन नाणी लागतात म्हणा!)

मैत्रिणीला मेसेज टाकला, ‘थोडे उसने देतेस का? कडकी आहे.’ उत्तर आलं, ‘मीही फोशे.’ बाई फ्रेंच शिकवतात. फोशे म्हणजे कापलेला, विळा फिरून गेलेल्या गवतासारखा. मग काय, पैसे राहिले बाजूला आणि शब्दच सुरू झाले. हिंदीत नुसता हात तंग होतो, जर्मन माणूस मात्र थेट ‘आपगेब्रांट’, म्हणजे जळून खाक. इटालियन ‘हिरव्यावर’ येतो. पूर्वी मेणबत्तीचा तळ हिरवा असायचा, ज्योत तिथवर आली की संपलं, असं सांगतात. पण सगळ्यांत भारी स्पॅनिश. ‘सिन ब्लांका’, ब्लांका नाही. ब्लांका हे जुनं नाणं, चलनातून जाऊन शतकं लोटली, तरी ते जवळ नसल्याची रड अजून चालूच!

आपली ‘चणचण’ मी तिला समजावू गेले, तर म्हणाली, ‘समजावू नकोस, भोगतेय.’

तासभर गप्पा झाल्या. उसने राहिलेच.