आमची वाटचाल : पोत्यात आलेले गिअरबॉक्स

नागपुरात आमचं गॅरेज सुरू झालं ते सरसकट दुरुस्तीचं. फियाट, अॅम्बेसेडर, जीप, जे येईल ते. नवा पार्ट दुकानात मिळायचा, त्यामुळे जुना ओळखत बसायची गरज नव्हती. पद्मिनी बंद झाली, 2014 मध्ये अॅम्बेसेडरही थांबली. मग विदर्भातल्या वाड्यांमधून झाकून ठेवलेल्या गाड्या निघू लागल्या आणि त्यांचे गिअरबॉक्स पोत्यात भरून आमच्याकडे यायला लागले. आधीच कुणीतरी खोललेले, त्यात दोन पार्ट तिसऱ्याच गाडीचे. आज आमचं बरंचसं काम दुरुस्तीच्या आधीचं आहे : पोत्यात नेमकं काय आलंय ते सांगायचं.

आरसी बुकावर आम्ही विसंबत नाही. आधी गिअरबॉक्सची केस, म्हणजे बाहेरचं ओतीव आवरण, तारेच्या ब्रशने घासून त्यावरचा ओतीव नंबर वाचतो. विलीज जीपच्या युद्धकाळातल्या मॉडेलला टी-84 बॉक्स, नंतरच्या सीजे मालिकेला टी-90. दोन्ही तीन गिअरचे, दोन्हींत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन भागांचा वेग जुळवणारी पितळी रिंग) नाही, म्हणून वरवर पाहणारा हमखास फसतो. नंबर झिजला असेल तर पाना लावून बघायचं. फियाटचे बोल्ट मिलिमीटरचे, जीप-अॅम्बेसेडरचे इंची. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी, त्यावर 13चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे खातो.

बेअरिंगचं काम सोपं. 6207 मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, आतलं भोक 35 मिमी. नंबरच्या पुढे एन असेल तर बाहेरच्या रिंगला सर्क्लिपची, म्हणजे बेअरिंग जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची, खाच असते. ती नसलेलं बेअरिंग आणलं तर शाफ्ट पुढे-मागे सरकतो. इंची बेअरिंगला मात्र हा हिशेब लागू नाही, तिथे व्हर्निअरने मोजायचंच.

खरी परीक्षा दातांची. समजा इंजिनकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टला 16 दात, क्लस्टरच्या (एकाच तुकड्यात अनेक गिअर असलेल्या खालच्या भागाच्या) त्याच्याशी जुळणाऱ्या गिअरला 32. पुढे क्लस्टरच्या दुसऱ्या गिअरचे 16 आणि चाकांकडे जाणाऱ्या मेन शाफ्टच्या गिअरचे 28. म्हणजे 2 गुणिले 1.75, रेशो 3.5. दात मोजताना खडूने एका दातावर खूण करा, नाहीतर एक जास्त-कमी होतोच. तिरक्या दातांची जोडी एका उजव्या, एका डाव्या कलाचीच लागते. दोन्ही एकाच बाजूला झुकलेले असतील तर ती जोडी नव्हेच, कितीही चकचकीत असो.

सिंक्रो रिंग गिअरच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या भागावर, दाबून फिरवा. ती पकडली पाहिजे. रिंग आणि गिअरच्या छोट्या दातांमधली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली, किंवा आतले बारीक आटे सपाट होऊन चमकू लागले, की रिंग संपली. आटे तेलाचा थर कापतात. ते गेले की गिअर टाकताना कर्रर होतं.

गिअर निसटतो तेव्हा गिऱ्हाईक सिंक्रोलाच दोष देतं. आम्ही आधी डिटेंटची (गिअर जागेवर धरणाऱ्या गोळीची) स्प्रिंग, गिअर सरकवणाऱ्या फोर्कची झीज आणि शाफ्टचं पुढे-मागे सरकणं रोखणारा थ्रस्ट वॉशर बघतो. गिअर लॉक झाला तर उलटं : इंटरलॉकची, म्हणजे एका वेळी एकच गिअर पडू देणारी, पिन किंवा गोळी जोडताना राहिलेली असते, आणि दोन गिअर एकदम पडतात.

क्लस्टर काढताना आखूड डमी शाफ्ट घाला, नाहीतर आतल्या सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, केसमध्ये सांडतात. जोडताना घट्ट ग्रीसने चिकटवा आणि दोन्ही बाजूंच्या सुया मोजून लिहून ठेवा.

जो गिअर कुठेच मिळत नाही तो आम्ही हिंगण्याच्या एमआयडीसीतून कापून घेतो. स्टील 20 एमएनसीआर 5 जातीचं, कार्बरायझिंग करून (पृष्ठभागात कार्बन मुरवून) कडकपणा 58 ते 62 एचआरसी, म्हणजे रॉकवेल मापावर. हे न करता कापलेला गिअर वर्ष काढत नाही. गिअर ऑइल मात्र जीएल-4 दर्जाचं. जीएल-5मधली गंधक-फॉस्फरसची मात्रा पितळी रिंगांना खाते.

बॉक्स पाठवणार असाल तर खोलू नका. जुनं तेलही स्वच्छ डब्यात सोबत द्या. त्यात पिवळी चकाकी असेल तर रिंगा, पांढरट पापुद्रे असतील तर बेअरिंग किंवा दात, असं आम्ही झाकण उघडायच्या आधीच बघून घेतो.