जिमनीची मागची स्टेपनी: 235/75 आर15 बसवताना, काम कुठवर आलं

मारुती सुझुकीच्या पाचदारी जिमनीवर टायरचं कंपनीचं माप 195/80 आर15 (195 ही रुंदी मिमीमध्ये, 15 हा रिमचा व्यास इंचात), म्हणजे टायरचा व्यास साधारण 693 मिमी. 235/75 आर15 चा व्यास 733 च्या पुढे जातो. चार चाकं बदलून स्टेपनी जुनीच ठेवायची, हा मोह टाळा. ही पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच जोडायची. 4 मिमी नाही, 40 मिमी व्यासाचा फरक घेऊन 4 एच मध्ये (चारही चाकांना ताकद देणारा वेगाचा टप्पा) कडक रस्त्यावर गाडी चालवली, तर ताण थेट ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. त्यामुळे पाचवं चाक त्याच मापाचं हवं, आणि ते मागच्या दारावरच जायला हवं.

रिम विकत घेण्याआधी हा हिशोब करून घ्या: टायरची दाराकडची कड कॅरिअरच्या (दारावरच्या स्टेपनी धरणाऱ्या चौकटीच्या) तोंडापासून किती आत येते = टायरची रुंदी ÷ 2 + ऑफसेट (ईटी, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बसण्याच्या पृष्ठापर्यंतचं अंतर, मिमीमध्ये). मूळ रिम ईटी +5: 97.5 + 5 = 102.5 मिमी. नवीन 7 इंची रिम ईटी 0: 117.5. म्हणजे टायर दाराकडे 15 मिमी जास्त सरकतो आणि चाक कॅरिअरवर नीट बसण्याआधीच पत्र्याला टेकतं. तशातच नट आवळले, तर पत्रा दबतो. ईटी उणे असेल तर हा त्रास कमी होतो. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5×139.7 हवाच.

म्हणून कॅरिअर आणि दार यांच्यामध्ये 15 मिमीचा स्पेसर. लेथवर काढलेला, एका तुकड्याचा. वॉशरची थप्पी लावू नये, ती धक्क्यांनी बसत जाते आणि बोल्टचा ताण सुटतो. बोल्ट तेवढेच जास्त लांब घ्यायचे, ग्रेड 10.9 चे (जास्त ताकदीचे). जिथे दार पोकळ आहे तिथे बोल्टभोवती पोलादी नळीचा तुकडा घालायचा, नाहीतर आवळताना पत्रा आत चेपतो. आतून ट्रिम काढून 3 मिमी एमएसची (साध्या पोलादाची) पट्टी लावली की भार एका जागी न राहता पसरतो. पट्टीचे कोपरे गोल करा, टोकदार कोपऱ्यापाशीच चीर सुरू होते. भोकांच्या कडांना झिंक प्रायमर आणि सीलंट, आणि दाराच्या तळाची पाणी निचऱ्याची भोकं मोकळी. कोकणातल्या एका पावसाळ्यात तेवढ्या चुकीतून गंज धरतो.

आता खरा शत्रू: बिजागरी. समजा चाक 30 किलोचं, त्याचा मध्य बिजागरीपासून 55 सेमी, आणि दोन बिजागऱ्यांत 40 सेमी अंतर. नुसत्या उभ्या गाडीत वरच्या बिजागरीवर 30 × 55 ÷ 40, म्हणजे 41 किलोची ओढ. खड्ड्यात धक्का दुप्पट झाला की 82. बंद दारात कुलूप आणि टेकू भार वाटून घेतात, उघडं दार मात्र सगळं बिजागरीवर टाकतं. म्हणून दार उघडं ठेवून गाडी हलवणं बंद. दारावर दोन रबरी टेकू असे लावायचे की चाक आवळल्यावर टायर ते किंचित दाबेल. टेकू आणि टायरमध्ये फट राहिली तर चाक थरथरतं, आणि नट सैल होतात ते याच थरथरीने.

उंचीचं गणित सोपं. टायर खाली 20 मिमी जास्त येतो, बंपरची फट तेवढी कमी. फट पुरत नसेल तर पट्टीवरची भोकं 20 मिमी वर घ्या. मागची काच 40 मिमी जास्त झाकली जाईल हे मान्य करूनच. दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाऊ नये.

चाकाचे नट एम12×1.25, कॅरिअरच्या स्टडवरही रिमला जुळणाऱ्या बैठकीचेच. आवळल्यावर रंगाची रेघ ओढून ठेवा, सैल झालं की डोळ्याला दिसतं.

राहिलेलं काम: 500 किमीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासणी, आणि दार वीतभर उघडून खालच्या कडेला धरून वर उचलून पाहणं. खटकन आवाज आला तर बिजागरीची पिन किंवा बोल्ट सैल आहे. लॅचच्या (दार बंद धरणाऱ्या कुलपाच्या) खुंटीवर नवीन घासल्याची खूण दिसली, तर दार झुकतंय. खुंटी खाली सरकवण्याआधी बिजागरी पाहा.