वहीतली रिकामी ओळ

तौक्ते वादळ जाऊन तीन दिवस झाले तरी आमच्याकडे वीज आली नव्हती. मे २०२१. बांद्याच्या बाजूला माझं मेडिकल आहे, गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. फ्रीज बंद पडल्यावर इन्सुलिनच्या कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याच्या माठात सोडल्या होत्या आणि माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. दर दोन तासांनी गोणपाट भिजवायचं. लोकांना वाटतं, मेडिकलवाला म्हणजे गोळ्या मोजून देणारा वाणी. असो.

बाहेर चुन्याच्या गोलांत माणसं उभी. त्यातल्या निम्म्यांना एकच हवं होतं: आयव्हरमेक्टिन १२. कोविडआधी ही गोळी माझ्याकडे महिन्याला दोन-तीन स्ट्रिप जायची, खरजेसाठी नाहीतर उवांसाठी. आता कुडाळचा स्टॉकिस्ट फोन उचलत नव्हता. १० मेला गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं की कोविडसाठी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ही गोळी, रोज १२ मिलिग्रॅम, पाच दिवस, लक्षणं असोत वा नसोत. गोव्यात जे सकाळी जाहीर होतं ते दुपारी आमच्या बाजारात येतं. निम्मी पोरं तिकडेच कामाला.

तेवढ्यात रांग मोडून एक बाई काउंटरशी आली. चेहरा ओळखीचा, घरातलं सगळं औषध माझ्याकडून जातं.

"भाऊनू, मामंजींच्या तोंडातसून रगात येता. सकाळपासून थांबणा नाय."

मामंजींना मी पंधरा वर्षं ओळखतो. हृदयात धातूची झडप, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात बसवलेली, आणि तेव्हापासून वॉरफरीन. ही गोळी रक्त गोठू देत नाही. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी आयएनआर नावाची तपासणी असते, आकडा जास्त म्हणजे रक्त गोठायला उशीर, आणि तो त्यांच्यासारख्याला साधारण अडीच ते साडेतीनमध्ये ठेवावा लागतो. त्यांच्याकडे शंभर पानी वही आहे, तारीख, आकडा, डोस. ती वही मला तोंडपाठ आहे म्हटलं तरी चालेल. पावसाळ्यात आकडा खाली यायचा, डॉक्टर चक्रावायचे. मी विचारलं, भाजी कसली खाता? टाकळा, कुर्डू, अळू. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व वॉरफरीनच्या उलट काम करतं. त्या वर्षीपासून ते टाकळा रोज थोडा आणि सारखाच खायला लागले, आणि आकडा सुतासारखा सरळ झाला. एवढा अभिमान मला माझ्या फार थोड्या गोष्टींचा आहे.

"नवीन काय दिलास त्यांका?"

तिने पदराच्या गाठीतून स्ट्रिप काढली. आयव्हरमेक्टिन. जावयाने म्हापशातून आणलेली. "सरकार सगळ्यांक देता, म्हणजे बरीच असतली मां?"

मग हळूच दुसऱ्या दोन स्ट्रिप. डॉक्सीसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन, दोन्ही अँटिबायोटिक. यांवर बिलाचा नंबर माझ्या अक्षरात होता. चार दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सअॅपवर आलं होतं, ठरलेलं 'किट', मी दिलं. घरात सगळ्यांना ताप, त्यांनी ते वाटून घेतलं. दिलं तेव्हा मी एवढंही विचारलं नाही, की मामंजींना नाही ना? रांग मोठी होती, हे कारण मी स्वतःला अजून देतो.

लॅब बंद. मी डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले वॉरफरीन थांबवा आणि थेट बांबोळी गाठा. मुलाने गाडी काढली. तिथे आयएनआर सातच्या वर निघाला. के जीवनसत्त्व दिलं, आठ दिवसांनी घरी आले. वाचले.

माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळी. कशामुळे झालं? आयव्हरमेक्टिन वॉरफरीनबरोबर घेतल्यावर आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत. अझिथ्रोमुळे वाढतो, डॉक्सीमुळेही. तापात वाढतो. दोन दिवस जेवण नव्हतं, त्यानेही वाढतो. पाच आरोपी, आणि एकावरही बोट ठेवता येत नाही. कारण कोण कधी काय गिळलं, याची नोंद त्या घरात नव्हती, सरकारात नव्हती, माझ्याकडेही नव्हती.

आयव्हरमेक्टिन शोधून काढणाऱ्या मर्क कंपनीने फेब्रुवारी २०२१मध्येच सांगितलं होतं की कोविडवर ती चालते याला शास्त्रीय आधार नाही. जागतिक आरोग्य संघटना मार्चअखेर म्हणाली, फक्त चाचण्यांमध्ये वापरा. जुलैत इजिप्तमधला एक गाजलेला अभ्यास मागे घेतला गेला, त्यात तेच ते रुग्ण परत परत दिसत होते. पुढे ब्राझीलमधल्या १३५८ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. पण मेमध्ये हे सगळं ऐकायला वेळ कोणाला? आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांतही तेव्हा ती 'देता येईल' यादीत होती.

लोक म्हणतात, आमच्यावर प्रयोग केले. मी म्हणतो, प्रयोग केले असते तर बरं होतं. प्रयोगात माणसाला आधी विचारतात, त्याची सही घेतात, कोणाला काय दिलं ते लिहितात, इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. औषधांच्या चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत तसं आहे. इथे गोळी प्रयोगातली होती आणि वही मात्र नव्हती.

आणि वही म्हणजे काय, ते आपल्याच कोकणाने दाखवलंय. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर रक्तदाबाची गोळी प्राझोसिन वापरली. तीही त्या कामासाठी बनलेली नव्हती. पण रुग्णागणिक नोंदी, शोधनिबंध, आणि पुढे विंचूप्रतिविष आल्यावर ७० रुग्णांवर रीतसर तुलना, २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेली. महाडला जमलं ते पणजीला का जमू नये?

जूनमध्ये मी औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्म भरला, गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राला जातो तो. संशयित औषधांच्या रकान्यात तीन नावं लिहिली. औषध कोणाकडून मिळालं ते विचारत नाहीत, तरी खाली मोकळ्या जागेत लिहिलं: दोन माझ्या दुकानातून.

मामंजी वही घेऊन अजून येतात. त्या पानावर मेच्या तारखेपुढे बांबोळीच्या डॉक्टरांनी आकडा लिहिलाय. कारणाची ओळ रिकामी आहे. परवा त्यांनी मलाच विचारलं, "हय काय लिवचा?"

मी टाकळ्याचं विचारलं.