पोट्ट्यांना आत का टाकत नाहीत?

"पाटीलबाई, दारू पिऊन मारामाऱ्या करते हे पोट्टे, त्यायले पोलीस आत काऊन नाही टाकत जी?" वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावाची मी पोलीस पाटील. चक्कीवर दळण घेऊन उभी असले तरी हा प्रश्न मला गाठतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

पोळ्याच्या करीचा दिवस होता. लहान लेकरं तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी सजवत होती आणि पारापाशी दोन पोट्टे भिडले. सोळा वर्षांच्या एकाने बैल हाकायची तुतारी दुसऱ्याच्या डोक्यात घातली. नाव सांगत नाही, कायदाही सांगू देत नाही. मी पोहोचले तेव्हा मार खाल्लेल्याची आई पदराचा बोळा त्याच्या डोक्यावर दाबून बसली होती. मारणारा ओणवा होऊन ओकत होता. मोहाच्या दारूचा भपकारा, आणि ओकता ओकता तो आपल्या मायला हाका मारत होता. 112 वर फोन मीच लावला.

हवालदार साध्या शर्टात आले, बेडीही आणली नाही. लोक खवळले. पण अठराच्या आतल्या मुलाशी असंच वागायचं असतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. घरात कोण पितं, शाळा कधी सुटली, हे सगळं तो लिहून मंडळाला देतो. याला 'सोडून दिलं' म्हणू नका. कोठडीत मोठ्या गुन्हेगारांशेजारी दोन रात्री काढून पोरगं सुधारून येईल, असं मला तरी वाटत नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच कायद्याचं कलम 77 आहे. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाकरवी दारू विकवली किंवा नेली-आणली, तर कलम 78. जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, तरी त्या पोराने पव्वा कुठून घेतला हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नाल्याच्या काठी पुरलेले सडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहाचे, ड्रम पोलिसांनी फोडले. आठ दिवसांत नवे ड्रम पुरले गेले. कारण ड्रम फोडून नुसती भट्टी मोडते, पाजणारा मोकळाच राहतो. पोराच्या हातात दारू दिली, हे सिद्ध करायला कोणाचा तरी जबाब लागतो. तिथे सगळे खाली बघतात. "गावातलाच माणूस आहे ना बाई." ज्याने मारलं त्याला आत टाका म्हणणारे हेच लोक. आणि ज्याने पाजलं त्याच्या दारातून रोज जातात, रामराम घालतात.

म्हणून हा प्रश्न कोणी विचारला की मी उलट विचारते, तुम्ही जबाब द्याल का?

त्या वेळी एकच बाई हो म्हणाली. डोकं फुटलेल्या पोराची आई. टाके पडून तिसरा दिवस होता. कापूस निंदून थेट माझ्या ओसरीवर आली, हात मातीचेच होते. म्हणाली, "माह्या पोराले मारलं त्याचं पाहून घेईन मी. आधी ज्यानं पाजली त्याचं लिवा. म्या डोळ्यानं पाह्यलं, दोघंबी त्याच्याच घरून निंगाले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी ठाण्यात गेलो.