वयाचा तक्ता मिळेपर्यंत

लष्करी तळावरच्या कर्मचाऱ्यांच्या वयाच्या ज्या कागदासाठी आम्ही सात महिने पत्रं लिहीत बसलो, तो कागद पहिल्या दिवसापासून एका कपाटात तयार होता. हे कळलं त्या दुपारी मी पार्किंगमध्ये गाडीत येऊन नुसती बसून राहिले. चावी फिरवायचंही सुचेना. इतकी वर्षं झाली तरी त्याची चीड गेलेली नाही. अमेरिकेत लष्करी तळाच्या आसपासच्या भागाचं नियोजन करणारं, किंवा ते शिकायला आलेलं आपलं कुणी असेल, तर त्याचे तरी सात महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

२००५ मध्ये तिथे लष्करी तळ बंद करण्याची आणि एकमेकांत मिसळण्याची मोठी फेरी झाली. सगळे तिला ‘ब्रॅक’ म्हणतात. शिफारशी त्याच वर्षी नोव्हेंबरात लागू झाल्या आणि १५ सप्टेंबर २०११ च्या आत सगळी हलवाहलव संपवायची होती. न्यू जर्सीतलं फोर्ट मॉनमथ बंद होऊन तिथलं बरंचसं काम मेरीलँडमधल्या ॲबर्डीनला गेलं. आमच्याकडचा तळ वाढणाऱ्यांपैकी होता. दुसरीकडच्या कार्यशाळा बंद होऊन आमच्याकडे येणार होत्या. मी तेव्हा तीन काउंटींच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांच्या) सामायिक नियोजन मंडळात कामाला होते. तळाचं नाव लिहीत नाही. राग एका कार्यालयाचा आहे, आणि त्याच तळावरच्या कितीतरी लोकांनी आम्हाला जीव तोडून मदत केली.

तळाभोवतीच्या भागाच्या आराखड्यासाठी ग्रँट मिळाली. संरक्षण खात्याचं ‘ऑफिस ऑफ इकॉनॉमिक ॲडजस्टमेंट’ अशा कामाला पैसे देतं (२०२१ पासून त्याचं नाव बदललंय, शोधताना लक्षात ठेवा). अर्ज लांबलचक होता, पण तिथली माणसं फोन उचलायची आणि चूक झाली तर कुठे झाली ते सांगायची. सल्लागार नेमला, समिती बसली, नकाशे झाले. यातल्या कशानेच आमची झोप उडवली नाही.

अडचण सुरू झाली ती एका साध्या प्रश्नाने. तळाने आम्हाला आकडा दिला होता, इतकी पदं येणार. सगळ्यांनी त्याला घरांनी गुणलं, घरांना मुलांनी गुणलं, आणि तीन-चार बेडरूमची घरं, नवी प्राथमिक शाळा असं सगळं नकाशावर चढलं. समितीत शाळा खात्याच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, “येणाऱ्या लोकांची मुलं सध्या कितवीत आहेत?” कुणाला सांगता येईना. मग त्याच म्हणाल्या, “मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली असतील तर मी ही शाळा कुणासाठी बांधू?”

पद येतं म्हणजे माणूस येतोच असं नाही, आणि आलेला माणूस किती वर्षं कामावर राहील हे त्याच्या वयावर असतं. मला हे खरं कळलं ते तळावरच्या जुन्या कार्यशाळेत. आम्हाला एकदा फिरवून दाखवलं होतं. गिअरबॉक्सचे भाग दुरुस्त करण्याचं काम चाललं होतं. लेथवर एक पांढऱ्या केसांचे टर्नर उभे होते. बोलता बोलता त्यांनी मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवला, मान जराशी वाकडी केली आणि फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, कमी केला. आमच्या कुणाच्या कानाला आवाजात फरक जाणवला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, “टूल बोथट व्हायला लागलं की हाताला आधी कळतं.” त्या ओळीतल्या लेथवरची बाकीची माणसंही त्यांच्याच वयाची. शिकाऊ पोरगं एकही नाही. परतताना मला घरांचे नकाशे आठवले आणि पोटात गोळा आला. हे सगळे तीन-चार वर्षांत घरी बसले तर तळ वाढून काय होणार?

म्हणून आम्ही तळाच्या संबंधित कार्यालयाकडे वयाची माहिती मागितली. इथून पुढचे सात महिने सांगते.

पहिली चूक माझी. मी ईमेलमध्ये लिहिलं, सगळ्या नागरी कर्मचाऱ्यांची जन्मतारीख आणि नोकरीला लागल्याची तारीख द्या. नावं नकोत असं लिहिलं होतं, पण माणसागणिक ओळ मागितली होती. उत्तर आलं की ही खाजगी माहिती आहे, १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टखाली येते, विधी शाखेकडे पाठवतो. हे बरोबरच होतं. गावात एकच कामगार विशिष्ट मशीन चालवत असेल, तर नाव नसलं तरी तो कोण हे कळतंच. पण विधी शाखेकडे गेलेली ती विनंती परत आलीच नाही. आठवड्याला एक फोन करायचा, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. “बघतो” म्हणायचे. बघणारं कुणी नव्हतं.

खरं कारण मला पुढे कळलं. आमच्या मंडळात एक ज्येष्ठ सहकारी होते. तळावर कुणाला काय विचारायचं हे त्यांना तोंडपाठ होतं. ग्रँट मिळाली त्याच सुमारास ते निवृत्त झाले. तळाच्या बाजूने जे गृहस्थ त्यांच्याशी बोलायचे, तेही त्याच वर्षी निवृत्त झाले. दोघांनी मिळून वीस वर्षं जो रस्ता पायाखाली घातला होता, तो त्यांच्याबरोबरच गेला. कुणीही तो लिहून ठेवला नव्हता. हे वाचणाऱ्या कुणाच्या कार्यालयात असं माणूस असेल, तर त्यांच्या निरोप समारंभाच्या आधी त्यांच्यासमोर वही घेऊन बसा. फोन नंबर नुसते उतरवू नका, कोणत्या कामासाठी कोण, तेही लिहून घ्या.

तीन महिने गेल्यावर कुणीतरी सल्ला दिला, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तिथला तो कायदा १९६६ चा आहे आणि कामकाजाच्या वीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मी उत्साहाने टाकला. विसाव्या दिवशी पत्र आलं की अर्ज ‘गुंतागुंतीच्या’ गटात घातला आहे. त्यानंतर शांतता. आणखी दोन महिन्यांनी नकार आला, आणि त्या नकारात एक वाक्य होतं जे मला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं होतं: या कायद्याखाली कार्यालयाला हाताशी असलेली कागदपत्रं द्यावी लागतात, तुमच्यासाठी नवा तक्ता बनवून देणं बंधनकारक नाही. मी तक्ता ‘बनवून’ मागत होते. शब्द चुकला आणि आणखी तीन महिने गेले.

दरम्यान समिती थांबायला तयार नव्हती. सल्लागार म्हणत होता, राष्ट्रीय सरासरी वापरू या. मी नको म्हणाले, आणि त्यावरून बैठकीत आवाज चढले. मला आजही वाटतं मी बरोबर होते. देशाच्या सरासरीत आमच्या कार्यशाळेतले टर्नर कुठेच दिसत नाहीत. मी फेडस्कोप नावाच्या सरकारी संकेतस्थळावरून केंद्रीय नागरी कर्मचाऱ्यांचे वयोगट काढले. ते काम सोपं होतं, फुकट होतं; आता ती आकडेवारी कुठे मिळते ते बघून जरूर करा. पण त्यातून राज्याचं चित्र कळतं, एका तळावरच्या एका कार्यशाळेचं नाही. शिवाय कंत्राटदार कंपन्यांची माणसं त्यात येतच नाहीत, आणि आमच्या तळावर ती पुष्कळ होती. त्यांना वेगळं विचारावं लागतं, एकेका कंपनीला. गणवेशातल्यांचा हिशेब तर तिसराच. ते तरुण, लहान मुलांचे आईबाप, आणि काही वर्षांनी बदली होऊन जाणारे. हे तीन गट एकाच रकान्यात घातले की शाळेचा आकडाही चुकतो आणि दवाखान्याचाही.

सातव्या महिन्यात मी ठरवलं की आता पत्र नाही, प्रत्यक्ष जायचं. फाटकाजवळच्या कार्यालयात ओळखपत्र दाखवून पास काढला, गाडीची तपासणी झाली, आणि एका लांब मजल्यावर तीन टेबलं फिरत शेवटी एका बाईंसमोर पोचले. निवृत्तीचे कागद त्याच बघायच्या. मी सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं. “तुम्हाला पात्रतेचा तक्ता हवाय का?” म्हणाल्या. “तो मी दर वर्षी कमांडरसाठी काढते.” उठल्या, मागचं कपाट उघडलं आणि एक पिवळी फाईल टेबलावर ठेवली. एकच पान. डावीकडे कामांची नावं, वर पाच-पाच वर्षांचे वयोगट. जिथे माणसं अगदी थोडी तिथे चौकट शेजारच्या गटात मिळवलेली, म्हणजे कुणी ओळखू येणार नाही. शेवटच्या रकान्यात येत्या पाच वर्षांत कोणत्या वर्षी किती जण निवृत्तीला पात्र होणार. प्रायव्हसी ॲक्टचा प्रश्नच उरला नव्हता. वरिष्ठांची सही घेऊन त्यांनी तो दोन दिवसांत पाठवला.

मी त्यांना विचारलं, आमची पत्रं तुमच्यापर्यंत आली नाहीत का? त्यांना ती कुणी दाखवलीच नव्हती.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. ‘किती जण निवृत्त होणार’ असं विचारू नका. ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि असा अंदाज लेखी द्यायला कुणी धजत नाही. ‘कोणत्या वर्षी किती जण पात्र होतात’ असं विचारा. पात्रता नियमावर ठरते. १९८४ च्या आधी लागलेल्या, जुन्या पेन्शनमधल्या माणसाला ३० वर्षं नोकरी झाली की ५५ व्या वर्षी जाता येतं. नव्या पद्धतीत ३० वर्षांच्या नोकरीला किमान वय जन्मसालानुसार ५५ ते ५७, आणि १९५३ ते १९६४ मध्ये जन्मलेल्यांना ५६. २० वर्षं नोकरी असेल तर दोन्हींत ६०, पाचच असेल तर ६२. हे माहीत असलं की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळं बोलतो. आणि पात्र झालेला प्रत्येक जण त्याच दिवशी जात नाही, हेही समितीला समजावून सांगावं लागतं.

तक्त्यात फिटर, टर्नर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या ओळीत सगळ्यात भरलेली चौकट ५५ ते ५९ ची होती. इलेक्ट्रिशियनची शिकाऊ उमेदवारी साधारण चार वर्षांची, कामावरचे ८,००० तास. म्हणजे आज छप्पन्न वर्षांच्या माणसाची जागा घेणारा मुलगा आजच कामाला लागला, तरी तयार होईपर्यंत त्या माणसाची साठी येणार. हे एक गणित फळ्यावर मांडलं आणि त्या दिवशी बैठकीत कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. घरांच्या आराखड्यातली चार बेडरूमची घरं कमी झाली, एका मजल्याची छोटी घरं आली. नव्या शाळेऐवजी जुन्या शाळेला खोल्या वाढवायचं ठरलं. वाचलेल्या पैशांतून कम्युनिटी कॉलेजात लेथ आणि वायरिंगचा वर्ग सुरू करायचा प्रस्ताव झाला. तिथेही कळलं की शिकवणारे दोघंही निवृत्तीला टेकलेले.

एक राहिलंच. तळ वाढतो तेव्हा तो गावातलीच माणसं ओढतो. त्याचा पगार आणि पेन्शन चांगली, मग गावातला तरुण इलेक्ट्रिशियन तिकडे जातो आणि गावात उरतो तो साठीचा. आमच्याकडे स्कूल बस चालवणारे तर बहुतेक निवृत्त लोकच होते. त्यामुळे तक्ता फक्त तळाचा काढून भागत नाही. काउंटीचा पाणीपुरवठा, दवाखान्यातल्या नर्सेस, बसचालक यांचाही काढा. आम्ही काढला, पण उशिरा.

अजून एक, हे तेव्हा नव्हतं. २०१२ मध्ये टप्प्याटप्प्याने निवृत्तीचा कायदा झाला. अर्धवेळ काम, अर्धी पेन्शन, आणि कामाच्या वेळेतला किमान पाचवा हिस्सा नव्यांना शिकवण्यासाठी. आपल्या तळावर तो लागू केला आहे का, हे विचारून घ्या. त्या टर्नरना हा मार्ग मिळाला असता तर मला फार आनंद झाला असता.

जनसुनावणीला ते आले होते, कामाच्या कपड्यांत, मागच्या रांगेत. प्रशिक्षणाच्या वर्गाचा मुद्दा आला तेव्हा उठून म्हणाले, “पोरं पाठवा. मी शिकवीन, पण लवकर पाठवा.” तेवढंच बोलून बसले. आराखडा त्या रात्री एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बाईंना पुढच्या वर्षीच्या तक्त्यासाठी एका ओळीचा ईमेल केला, त्यांच्याच शब्दांत, ‘पात्रतेचा तक्ता’ असं लिहून. सरकारी आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, ऑक्टोबरात मागा, असं त्यांचं उत्तर जेवायच्या सुट्टीच्या आत आलं. शेवटी त्यांनी आणखी एक नाव आणि नंबर दिला होता. डिसेंबरात त्या स्वतः निवृत्त होणार होत्या.