बाकाखालचे आकडे

निविदापूर्व बैठकीला आमच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. हजेरीवर दोन सह्या झाल्या की चहा पिऊन उठायचं. त्या दिवशी मात्र शाळांच्या फर्निचरच्या बैठकीला गावातला एक वेल्डर आला. त्याचं वर्कशॉप नगरपरिषदेपासून चालत दहा मिनिटांवर.

“साहेब, बाक मी बनवतो. कपाटं, वर्गातले फळे, संगणकाची टेबलं कुठून आणू?”

सगळ्या वस्तूंची बेरीज करून सर्वात कमी दर ठरवायचा, ही अट माझ्याच हातची. त्यामागे धोरण वगैरे काही नव्हतं. मागच्या वर्षीची निविदा उघडून तारखा बदलल्या होत्या, एवढंच. मी नियमावर बोट ठेवून काहीतरी बोललो. तो म्हणाला, “शाळेतले आत्ताचे बाकही माझेच आहेत.”

कागदोपत्री पुरवठादार बाहेरगावचा होता. शिपायाला घेऊन शाळेत गेलो, एक बाक उलटा केला. खालच्या पट्टीवर खिळ्याने आकडा कोरलेला. वेल्डरच्या वहीत तोच आकडा, पुढे त्या पुरवठादार ठेकेदाराचं नाव.

मुख्याधिकाऱ्यांना वाटलं, मी खरेदीचे तुकडे पाडायला सांगतोय. ई-निविदा टाळायला तुकडे पाडले की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच. निविदा एकच ठेवू, दर बाबनिहाय बघू, असं म्हणालो. कोणीतरी लघुउद्योगांकडून 25 टक्के खरेदीचा नियम काढला. तो मूळ 2012चा, पण केंद्राच्या मंत्रालयांना आणि उपक्रमांना बांधलेला. आम्हाला निविदेची अट बदलणारं एक शुद्धिपत्रक पुरलं. बाकांचा सर्वात कमी दर त्याचाच आला.

खरी परीक्षा बिलाची. माल जानेवारीत पोचला, फाइल मार्चच्या गर्दीत अडकली. त्याने लोखंड उधारीवर उचललेलं. त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, होती, म्हणून मी टिपणीत लिहिलं: लघुउद्योगांच्या 2006च्या कायद्याने 45 दिवसांपुढे थांबवता येत नाही, नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. लेखापालांनी टिपणी दोनदा वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं. पैसे निघाले, तोवर सत्तरच्या वर दिवस झाले होते. व्याज त्याने मागितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही सुचवलं नाही.

पुढच्या वर्षी बाकांच्या निविदेत त्याचं नाव नव्हतं. नंतर टपरीवर भेटला तेव्हा विचारलं.

“ठेकेदार कमी देतो साहेब, पण दर शनिवारी देतो,” म्हणाला, आणि माझ्याही चहाचे पैसे देऊन निघून गेला.